2024 मधले माझे आवडते गेम: यादी करतानाच्या नोंदी

16 नोव्हेंबर 2024

यंदाची यादी आज हातात घेतली. वर्षभर खेळता खेळता टिपणं काढत आलेय, पण ती विखुरलेली आहेत. काही फोनमध्ये, काही सुट्या कागदांवर, काही नुसत्या स्क्रीनशॉटच्या रूपात. ती सगळी एका जागी आणायची, मनात रेंगाळलेल्या गेममधले ठरावीक भाग पुन्हा खेळून बघायचे आणि वर्ष संपायच्या आत क्रम लावून मोकळं व्हायचं, एवढं काम आहे.

नियम आधीच ठरवून टाकते. गेम 2024 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हवा. त्यामुळे हेडीज 2 बाहेर. तो मे महिन्यापासून अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच विक्रीला आहे आणि आत्ताच खेळायला झकास आहे, पण त्याचा शेवट अजून यायचाय, आणि जे अजून घडतंय त्याला क्रमांक देणं मला पटत नाही. दुसरा नियम, मी तो शेवटपर्यंत खेळलेला हवा. आणि ही 'सर्वोत्कृष्ट' गेमची यादी नव्हे. सर्वोत्कृष्ट ठरवायचं तर सगळं खेळायला हवं आणि तटस्थही राहायला हवं. आवडीला तटस्थपणा लागत नाही, मात्र कारण लागतं. प्रत्येक नावापुढे ते लिहिता आलं पाहिजे, आणि 'मजा आली' एवढ्यावर भागणार नाही.

19 नोव्हेंबर

द गेम अवॉर्ड्सची नामांकनं काल जाहीर झाली. वर्षातल्या सर्वोत्तम गेमसाठी सहा नावं: ॲस्ट्रो बॉट, बलात्रो, ब्लॅक मिथ: वुकाँग, फायनल फँटसी 7 रीबर्थ, मेटाफर: रीफँटाझिओ आणि एल्डन रिंगचा विस्तार, शॅडो ऑफ द अर्डट्री. विस्ताराला नवीन गेमच्या रांगेत उभं करावं का, यावर सगळीकडे वाद पेटलाय.

माझा निर्णय: विस्तार यादीत नाही. त्याच्या दर्जाबद्दल शंका नाही. आकाराने आणि कल्पनेने तो कित्येक स्वतंत्र गेमना भारी पडतो. पण त्या भूमीत पाय ठेवायला 2022 च्या मूळ गेममध्ये राडान आणि मोग या दोन्ही बलाढ्य शत्रूंना हरवावं लागतं. म्हणजे तिथे मला जे आवडलं, त्यातला मोठा वाटा मी दोन वर्षांपूर्वी कमावलेला आहे. 2024 च्या खात्यावर तो मांडता येणार नाही.

23 नोव्हेंबर

सुरुवात बलात्रोपासून. फेब्रुवारीत आला आणि वर्षभर हलला नाही. लोकलथंक हे टोपणनाव घेऊन काम करणाऱ्या एकट्या माणसाने तो बनवला. रचना सांगायला सोपी आहे. बावन्न पत्त्यांचा जोड, पोकरचे हात (म्हणजे जोडीसारख्या पानांच्या ठरावीक जुळण्या) आणि वर 150 जोकर, जे नियमच वाकवतात. प्रत्येक हाताचे चिप्स आणि गुणक असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे तुमचा स्कोअर.

आज एका हाताचं गणित कागदावर सविस्तर मांडलं, कारण या गेमचं सगळं मर्म त्यात दिसतं. बदाम राजा आणि इस्पिक राजा, साधी जोडी. पहिल्या पातळीवर जोडीचे चिप्स 10, गुणक 2. दोन्ही राजांचे प्रत्येकी 10 धरून चिप्स झाले 30. आता जोकर दोन: जोडी असेल तर गुणकात 8 मिळवणारा जॉली जोकर आणि जोडी असेल तर गुणक दुप्पट करणारा द ड्युओ. जोकर डावीकडून उजवीकडे काम करतात. ड्युओ डावीकडे ठेवला तर 2 चे 4, मग 8 मिळवून 12. स्कोअर 360. जॉली डावीकडे ठेवला तर 2 अधिक 8 म्हणजे 10, त्याची दुप्पट 20. स्कोअर 600. पहिल्या टप्प्यातल्या बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या आव्हानाला, हरवायला साधारण 600 च लागतात. तीच पानं, तेच जोकर; एक जोकर बोटाने उचलून पलीकडे ठेवला की बॉस एका हातात गारद.

आणि हे गेम आधी सांगत नाही. पानं निवडली की हाताचं नाव आणि मूळ चिप्स-गुणक दिसतात, अंतिम स्कोअर मात्र हात खेळल्यावरच. तो आकडा आधी दाखवणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नव्हतं, पण बनवणाऱ्याने तो मुद्दाम दाखवलेला नाही. दाखवला असता तर प्रत्येक खेळाडू जोकर हलवत, आकडा बघत, सगळ्यात मोठा आकडा येईपर्यंत थांबला असता. आता तो अंदाज बांधतो, आणि मग आकडे भराभर चढत जातात तेव्हा छातीत जे धडधडतं ते त्या अंदाजामुळेच.

26 नोव्हेंबर

बलात्रोचं कारण लिहून झालं आणि टिपणांच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला: 'वगळलेलं'. आतापर्यंत रकाने होते ते कथा, खेळण्याची पद्धत, आवाज, चित्रं असे नेहमीचे. त्यांतून आवड का निर्माण झाली हे कळत नाही. उलट प्रत्येक गेमने काय द्यायचं नाकारलं, असं विचारलं की बोट थेट नेमक्या जागी पडतं. बलात्रोने स्कोअरचा अंदाज नाकारला. पुढच्या प्रत्येक गेमला हाच प्रश्न विचारायचा.

30 नोव्हेंबर

ॲनिमल वेल. बिली बासो नावाच्या एका माणसाने सुमारे सात वर्षं खपून, स्वतःचं इंजिन स्वतः लिहून हा गेम केला. मे महिन्यात आला. सगळा मिळून 40 एमबीपेक्षाही कमी. फोनमधल्या एखाद्या छोट्या व्हिडिओएवढ्या जागेत एक अख्खी विहीर, तिच्यातले प्राणी, अंधार, पाण्याचे थेंब आणि इतकी रहस्यं, की वरवरचा शेवट गाठल्यावर खरा गेम सुरू होतो.

'वगळलेलं' या रकान्यात इथे पहिलंच नाव शब्दांचं. वस्तू हातात येते, पण तिचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. तलवार नाही, बंदूक नाही. फ्रिस्बी मिळते, बुडबुडे काढायची कांडी मिळते, यो-यो मिळतो. अगदी खेळण्यांचा डबा उपडा केल्यासारखं.

आज मुद्दाम नवीन सेव्ह सुरू करून कांडीपर्यंत खेळले. बुडबुडा काढला, त्यावर उभं राहिलं की तो क्षणभर पेलतो. इथवर कुणालाही कळतं. पण उडी मारून हवेत असतानाच पुढचा बुडबुडा पायाखाली काढायचा, त्याच्यावरून पुन्हा उडी, पुन्हा बुडबुडा, असं करत जमिनीला न टेकता उंच जाता येतं. ही करामत कांडी मिळाल्या क्षणापासून तुमच्याकडे असते. तिच्यासाठी नवी वस्तू, नवी पातळी, काहीही लागत नाही. लागतं ते फक्त तुम्हाला ते सुचणं. फ्रिस्बीचं तेच. आधी ती फेकून दूरचं बटण दाबायचं कळतं. मग कळतं, कुत्री तिच्यामागे धावतात. आणि बऱ्याच उशिरा कळतं की उडत्या फ्रिस्बीवर आपल्यालाही उभं राहता येतं. त्या क्षणी आधी सोडून दिलेल्या सगळ्या खोल्या डोळ्यांसमोरून जातात, आणि त्यांतल्या निम्म्या आता आपल्या आवाक्यात आहेत हे जाणवतं. पात्र जसं होतं तसंच राहतं, बदलतो तो खेळणारा.

64 अंडी शोधायची ही रहस्यांची दुसरी पातळी. तिसऱ्या पातळीवरच्या एका कोड्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही: त्याचं चित्र 50 तुकड्यांत वाटलेलं आहे आणि एका खेळाडूच्या गेममध्ये त्यातला एकच तुकडा येतो. म्हणजे एकट्याने कितीही डोकं लढवलं तरी ते सुटणं शक्य नाही. एकट्या माणसाने बनवलेल्या गेममध्ये अनोळखी लोकांनी एकमेकांना शोधावं अशी तजवीज करून ठेवलेली आहे. मला हे फार सुंदर वाटतं.

1 डिसेंबर

मेटाफर: रीफँटाझिओचा निकाल आज लावला: यादीत नाही. जीव लावून खेळले, संगीत अजून कानात आहे, आणि कमजोर शत्रूंना चालता चालता जागच्या जागी संपवता येतं, पाळीपाळीची लढाई सुरूच करावी लागत नाही, ही सोय इतर सगळ्यांनी उचलावी अशी आहे. पण उत्तरार्धात तोच आशय पात्रं पुन्हा पुन्हा बोलून दाखवतात. मला पहिल्यांदाच कळलं होतं.

4 डिसेंबर

लोरेलाय अँड द लेझर आईज. स्वीडनमधल्या सिमोगो या छोट्या चमूचा गेम, तोही मे महिन्यातलाच. काळ 1963, एक जुनं हॉटेल, एका बाईला तिथे बोलावणं आलेलं, आणि सगळं काळ्या-पांढऱ्यात, मध्येच लाल.

इथे वगळलीत ती बटणं. दिशा सोडल्या तर एकच बटण. दार उघडायला तेच, कागद वाचायला तेच, मेनूत शिरायला तेच. मागे फिरायला वेगळं बटण नाही, आणि हे मला शेवटपर्यंत खटकलं. चुकून उघडलेला कागद बंद करायलाही वाट पूर्ण चालावी लागते. तरी हा निर्णय मी उलटवला नसता, कारण त्यामुळे हात मोकळे राहतात आणि हात मोकळे लागतातच. गेम स्वतःच कागद-पेन जवळ ठेवायला सांगतो.

आज ते जुने कागद काढून पसरले. रोमन आकडे, वर्षं, चंद्राच्या कला, चक्रव्यूहांचे नकाशे, बाणांनी जोडलेली नावं. वाचलेला प्रत्येक कागद गेम जपून ठेवतो आणि कधीही पुन्हा दाखवतो, पण कोणता कागद कोणत्या कुलपाचा हे तो कधीच सुचवत नाही. ती जोडणी माझी. कुलपं बहुतेक आकड्यांची, आणि आकडा बरोबर आला की दार फारसा गाजावाजा न करता उघडतं. शाबासकीसाठी ढोल-ताशे नाहीत. माझ्या हस्ताक्षरातल्या त्या कागदांकडे बघताना जाणवलं, गेमचा अर्धा भाग स्क्रीनबाहेर, या टेबलावर घडला होता.

5 डिसेंबर

कालच्या नोंदीला जोड. लोरेलायची कथा मला त्यातल्या कोड्यांइतकी आवडली नाही. शेवट हुशारीचा आहे, पण मनाला भिडला नाही. क्रम लावताना हे लक्षात ठेवायचं.

8 डिसेंबर

यूएफओ 50. सप्टेंबरमध्ये आला, घोषणा 2017 ची. एकाच संग्रहात 50 गेम, आणि ते सगळे एका काल्पनिक कंपनीने 1980 च्या दशकात बनवले अशी बतावणी. 50 म्हटल्यावर बारीकसारीक मिनिगेम असतील असा समज होतो, तो पार चुकीचा आहे. यातले अनेक गेम स्वतंत्रपणे विकता आले असते.

पन्नासांवर लिहायचं तर वेगळी वही लागेल, म्हणून दोनच घेते. मॉर्टॉल: सुरुवातीला 20 जीव. पण इथे जीव हेच हत्यार. एक जीव देऊन बाण व्हायचं आणि भिंतीत रुतून पुढच्याला पायरी करून द्यायची. दुसरा देऊन दगड व्हायचं, तिसरा देऊन बॉम्ब. गेलेल्यांची शरीरं तिथेच राहतात आणि पुढचा त्यांच्यावरून चालत जातो. जीव वाचवायची सवय आपल्याला इतक्या वर्षांच्या खेळण्याने लागलीय, ती हा गेम एका पडद्यात मोडून काढतो. मग प्रश्न उरतो तो कुठे मरायचं याचाच.

दुसरा पार्टी हाउस. घरी पार्टी द्यायची, पाहुणे दारातून एकेक येतात, काही पैसा आणतात, काही लोकप्रियता, काही भांडणं. भांडखोर तीन झाले की पोलीस येतात आणि त्या रात्रीची कमाई गेली. 25 दिवसांत, एकाच रात्री चार खास पाहुणे घरात जमवायचे. अजून एकदा दार उघडावं की आजची पार्टी इथेच थांबवावी, या एका प्रश्नावर सगळा डाव तोललेला. आज 'फक्त नोंदीपुरता' म्हणून उघडला आणि संध्याकाळ त्यातच गेली.

वगळलेलं: मदत. त्या काळच्या गेममध्ये ती नसायची, म्हणून इथेही नाही. बार्बुटा हा संग्रहातला पहिला गेम तर इतका निष्ठुर आहे की अनेक जण तिथूनच परत फिरतात. मला वाटतं तो पहिला ठेवण्यात मोठं धाडस आहे. पण संग्रह पहिल्यांदाच उघडणाऱ्याला मी तो बाजूला ठेवून आधी पार्टी हाउस लावायला सांगेन.

13 डिसेंबर

पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्तम गेम ॲस्ट्रो बॉट. बलात्रोला स्वतंत्र गेम, पदार्पणातला स्वतंत्र गेम आणि मोबाइल गेम असे तीन. दोन्ही निकालांनी आनंद झाला.

ॲस्ट्रो बॉट पुन्हा लावला, कारण माझ्या 'वगळलेलं' या रकान्यात तो नीट बसत नव्हता. इथे लपवलेलं काही नाही, वहीची गरज नाही, डोकं खाजवावं लागत नाही. टीम आसोबीने भरभरून दिलंय: शोधायला 300 छोटे बॉट, कंट्रोलरमध्ये पावसाचे थेंब वेगळे जाणवतात, वाळू वेगळी, काच वेगळी.

स्लो-मो कॅसिनो ही लेव्हल खेळताना उत्तर मिळालं. पाठीवर एक घड्याळ येतं. बटण धरलं की सगळं जग संथ होतं. एरवी डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा वेगाने सुटलेल्या वस्तू हवेत तरंगू लागतात, आणि त्यांच्यावर पाय ठेवत पलीकडे जायचं. एवढ्या कल्पनेवर दुसऱ्या कुणी अख्खा गेम उभा केला असता. इथे लेव्हल संपली की घड्याळ काढून घेतात. नंतर एखाद्या छोट्या आव्हानात डोकावेल तेवढंच. पुढच्या लेव्हलमध्ये दुसरी करामत, तीही तशीच अर्ध्यावर, म्हणजे हवीशी असतानाच सोडून दिलेली. हा गेम पुनरुक्ती वगळतो. रकान्यात लिहिलं.

15 डिसेंबर

बलात्रोबद्दल एक खंत नोंदवून ठेवते. युरोपात गेमना वयोगट देणाऱ्या पेगीने त्याला 18 वर्षांवरील शिक्का दिलाय, कारण त्यात जुगाराची दृश्यं ठळक आहेत. गेममध्ये खऱ्या पैशाचा एकही व्यवहार नाही. पैसे भरून, आत काय निघेल ते नशिबावर सोडून लुटीच्या पेट्या उघडायला लावणारे गेम लहान मुलांना चालतात आणि पत्त्यांची चित्रं चालत नाहीत, हे मोजमाप मला अजिबात मान्य नाही. तपासायला हवं ते पैसा कुठे जातो हे.

18 डिसेंबर

प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन जानेवारीतला, म्हणून वर्षाअखेरीच्या चर्चेत जवळपास विसरला गेला. बनवणाऱ्या चमूतले लोक दुसऱ्या प्रकल्पांवर गेल्याचं ऑक्टोबरमध्ये कळलं तेव्हा मन खट्टू झालं होतं. नायक राजपुत्र नाही; तो सार्गोन, अपहरण झालेल्या राजपुत्राला शोधत काफ पर्वतावर आलेला योद्धा. आवाज फारसीत लावता येतात आणि मी तसाच खेळले. तो पर्वत त्याच भाषेत बोलायला हवा.

यातलं सर्वांत मोलाचं काम एका छोट्या सोयीचं आहे. न सुटलेल्या जागी आलात की एक बटण दाबायचं. समोरच्या दृश्याचा फोटो नकाशावर त्या ठिकाणी टाचला जातो. नवी शक्ती मिळाली की मागे राहिलेल्या जागी परत जावं लागतं अशा प्रकारच्या गेममध्ये आजवर डोक्यात ठेवावं लागायचं: डावीकडच्या मनोऱ्यात एक उंच कठडा राहिलाय, खाली एक बंद दार आहे. आता नवी शक्ती मिळाली की नकाशा उघडायचा, फोटो बघायचे, निघायचं.

लोरेलाय जे ओझं मुद्दाम माझ्यावर टाकतो, तेच प्रिन्स मुद्दाम उतरवतो. आधी मला ही विसंगती वाटली. पण प्रिन्समधली कसोटी हातांची आहे. हवेत असताना स्वतःची छाया मागे सोडायची, काट्यांवरून खाली जायचं, काम उरकायचं आणि एका बटणासरशी छायेपाशी परत यायचं. असे तीन-चार डाव एका दमात. तिथे लक्ष बोटांकडे हवं, आठवणीकडे नको. म्हणून आठवण वगळली. लोरेलायमध्ये आठवण हाच खेळ, म्हणून तिथे हात वगळले.

21 डिसेंबर

1000 एक्स रेझिस्ट. व्हँकुव्हरच्या सनसेट व्हिजिटरचा, मे महिन्यातला. दूरच्या भविष्यात एका मुलीच्या क्लोनांनी उभारलेला समाज, तिला देव मानणारा. त्यातली एक क्लोन त्या मुलीच्या आठवणींत शिरते. आणि भविष्यातली ही गोष्ट पोचते कुठे, तर 2019 च्या हाँगकाँगमधल्या आंदोलनांपाशी आणि ते शहर सोडून आलेल्या आईबापांच्या घरात.

चालणं आणि बोलणं एवढंच करायचंय. लढाई जवळजवळ नाहीच. मधल्या मोठ्या आवारात पात्रं शोधत फिरणं त्रासाचं आहे, तिथे गेम ढिला पडतो. पण आई आणि मुलगी यांच्यातला राग इतक्या खरेपणाने मांडलेला मी गेममध्ये क्वचितच पाहिलाय. माफी मागण्याचे प्रसंग येतात तेव्हा इथली पात्रं माफी मागत नाहीत, दुसरंच काहीतरी बोलतात. काय वगळलंय, ते तिथे ऐकू येतं.

24 डिसेंबर

इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल 9 तारखेला आला. व्हॅटिकनपर्यंतच खेळलेय. कॅमेऱ्याने खुणांचे फोटो काढत वही भरत जाणं मनापासून आवडतंय, पण तो या महिन्यात संपणार नाही. नियम दोनप्रमाणे बाहेर.

30 डिसेंबर

क्रम लावला. पहिल्या जागेसाठी ॲनिमल वेल आणि बलात्रो यांच्यात बराच वेळ घालवला. बलात्रो मी पुढच्या वर्षीही खेळेन, त्याच्या पुढच्याही. दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. ॲनिमल वेलचं तसं नाही. फ्रिस्बीवर उभं राहता येतं हे एकदा कळलं ते कळलं. नोव्हेंबरात नवीन सेव्ह सुरू केला तेव्हा प्रत्येक खोली मला ओळखीची होती आणि हात आपोआप योग्य ते करत होते. तो पहिल्यांदाचा अनुभव परत मिळणार नाही, आणि याच कारणाने त्याला पहिली जागा दिली.

दुसरा बलात्रो. तिसरा यूएफओ 50, मॉर्टॉलसाठी आणि अजून न उघडलेल्या गेमसाठीही. शेवटपर्यंत खेळण्याचा नियम इथे मी संग्रहातल्या काही गेमपुरता लावलाय, सगळ्या पन्नासांना नाही. चौथा लोरेलाय, कथा भिडली असती तर वर गेला असता. मग प्रिन्स, मग ॲस्ट्रो बॉट, मग 1000 एक्स रेझिस्ट.

यादी सातांची. दहाचा आकडा गाठायला आणखी तीन नावं टाकता आली असती, मेटाफर तर उंबरठ्यावरच होता, पण त्यांच्यापुढचा रकाना मला मनापासून भरता आला नाही. इंडियाना जोन्स जानेवारीत संपवेन. त्याची टिपणं पुढच्या वर्षाच्या वहीत 'उशिरा खेळलेले' या मथळ्याखाली जातील, आणि हेडीज 2 पूर्ण झाला की तोही तिथल्याच यादीत.